दोन मुठी अखाद्य

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत किड्यांविषयी इतक्या आदरानं बोलणारा आणि तेच किडे आपल्या जिभेला चुकूनही लागू नयेत म्हणून इतकं जपणारा माणूस आमच्या सासऱ्यांखेरीज दुसरा कुणी असेल, असं मला वाटत नाही. गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, आणि घरात फ्लॉवर आला की तो मिठाच्या पाण्यात तासभर बुडवून मग भिंगाखाली एकेक तुरा तपासायचा, हा त्यांचा शिरस्ता. हे तपासणं चालू असताना तोंडानं काय चाललेलं असतं? तर थायलंडमध्ये रातकिडे कसे कुरकुरीत तळतात, मेक्सिकोत भाजलेल्या नाकतोड्यांवर लिंबू कसं पिळतात, आणि आफ्रिकेच्या दक्षिणेकडे बोटभर जाडीचे सुरवंट उन्हात वाळवून, आपण सांडगे ठेवतो तसे, पुढच्या दिवसांची बेगमी म्हणून कसे ठेवतात, याचं साद्यंत वर्णन. एखादी हिरवी अळी सापडलीच तर ते तिला कागदावर अलगद घेतात, जिना उतरून सोसायटीच्या बागेत सोडून येतात आणि वर आल्यावर हात धूत म्हणतात, "दुसऱ्या देशात जन्मली असती तर हिचं सोनं झालं असतं."

आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. अप्पा पिंपरीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजल्या. मापाचा गेज बसला तर पास, अडला तर रिजेक्ट, मधलं काही नाही. रिटायर झाल्यावर मोजण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते घरातल्या पाकिटांकडे वळले. बिस्किटं, जॅम, सरबतं, नातीच्या रंगीत गोळ्या. प्रत्येकाच्या मागची मुंगीएवढी अक्षरं ते भिंगातून वाचायचे. काही खाण्याच्या पदार्थांचा लाल रंग एका किड्यापासून काढतात, हे त्यांना अशाच एका दुपारी कळलं आणि त्यांनी सासूबाईंना झोपेतून उठवून ते सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं," आणि कूस बदलून पुन्हा झोपल्या. अप्पांच्या या वेडाची सुरुवात तिथून झाली, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. त्यानंतर वर्तमानपत्रांतली कात्रणं आली, लायब्ररीतून आणलेली पुस्तकं आली, मोबाइल आल्यावर तर जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांची दारंच उघडली. संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात एक जाडजूड फाइल फुगत गेली. अखेर सासूबाईंना कायदा करावा लागला. "जेवताना चार पायांपर्यंत बोला," त्या म्हणाल्या. "सहा पायांचं काहीही ताटाजवळ आणायचं नाही."

अप्पांनी तो कायदा पाळला, पण ताट उचलल्याबरोबर ते सुरू होत. औषधाच्या दुकानात तर त्यांची ख्यातीच झाली आहे. काही गोळ्यांच्या चकाकीत लाख असते आणि लाख म्हणजे किड्यांनी फांदीवर सोडलेला चीक, हे वाचल्यापासून ते बीपीच्या गोळीची पट्टी उजेडात धरून विचारू लागले, "हिला चमक कशाची आहे?" दुकानदार सोशिक माणूस. तो म्हणाला, "काका, तुम्हाला गोळी गिळायची आहे की तिच्यात तोंड बघायचंय?" अप्पांनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवसापासून गोळी तळहातावर घेऊन, डोळे मिटून, ज्या कुणा जीवाचे उपकार असतील त्याला नमस्कार करून ती गिळायला सुरुवात केली. पाहुण्यांना वाटतं, काय श्रद्धाळू माणूस आहे, औषधसुद्धा देवाचं नाव घेऊन घेतो.

समोरच्या फ्लॅटमधल्या मालवणी काकूंशी त्यांचा वाद झाला तो कोळंबीवरून. काकू एकदा सासूबाईंकडे बसल्या असताना अप्पांनी सहज माहिती दिली की कोळंबी आणि नाकतोडा मुळात एकाच घराण्यातले, एक पाण्यात राहिला आणि दुसरा रानात गेला, एवढाच फरक. काकू उठूनच उभ्या राहिल्या. "भाऊजी, माझ्या कोळंबीक नावां ठेवू नकात हां, सांगान ठेवतंय!" अप्पा म्हणाले, "नावं कुठं ठेवतोय? मी नाकतोड्याचं नाव वर नेतोय." पुढं आठ दिवस आमच्या मजल्यावर कोळंबीचा वास आला नाही, कारण सोलायला बसलं की काकूंना तिचे पाय दिसायचे. नवव्या दिवशी वास आला. अप्पा दारात उभे राहून समाधानानं म्हणाले, "काकू सुटल्या बिचाऱ्या. किळस जिभेत नसते बरं का सूनबाई, ती शेजारी बसलेल्यांच्या चेहऱ्यात असते. शेजारी कुणी नसलं की माणूस काहीही खातो." तेव्हा मला तो त्यांचा नेहमीचा शेरा वाटला होता.

मी चाकणच्या एका कारखान्यात एचआरला आहे. एका दिवाळीत आमचे साहेब एका जपानी इंजिनिअरला घेऊन आमच्याकडे फराळाला आले. पाहुणा अगदी मितभाषी, चकलीसुद्धा आवाज न करता खाणारा. अप्पांनी थोडा वेळ कळ काढली आणि मग कारखान्यातल्या ड्रॉइंगवरच्या सूचना वाचून कमावलेल्या इंग्रजीत विचारलं, "युवर नेटिव्ह प्लेस... ग्रासहॉपर ईटिंग?" आमच्या साहेबांना ठसका लागला. पाहुण्यानं बशी खाली ठेवली. माझ्या डोळ्यांसमोर माझं प्रमोशन तरळून गेलं. आणि मग तो गृहस्थ हसला, असा हसला की साहेबांनी त्याला वर्षभरात तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्याचं आजोळ डोंगरात होतं. भाताच्या शेतात कापडी पिशवी घेऊन तो नाकतोडे धरायचा आणि आजी ते सोया सॉसमध्ये साखर घालून आटवायची. बायको शहरातली, तिला हे चालत नाही, म्हणून कित्येक वर्षांत त्यानं कुणाजवळ हा विषयच काढला नव्हता. पंधरा मिनिटांसाठी आलेला माणूस दीड तास बसला. निघताना तो अप्पांपुढं कमरेतून इतका वाकला की अप्पांना पाय मागे घ्यावेसे वाटले. त्या रात्री त्यांनी फाइलमध्ये एक नवं पान घातलं आणि वर लिहिलं, "प्रत्यक्ष साक्ष."

एवढा अभ्यास, पण एकदाही चव घेतली नाही. मी एकदा विचारलंसुद्धा, "अप्पा, खायचं नाही तर हे सगळं कशासाठी?" ते म्हणाले, "माहिती असावी." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कारखान्यात झारखंडहून आलेली एक ऑपरेटर होती, लाइनवर असेंब्लीला. कामाला चोख, बोलायला कमी. गावाहून परत येताना तिनं लाल मुंग्यांची चटणी आणली होती आणि कँटीनमध्ये तिचा डबा उघडला. शेजारच्या कुणीतरी विचारलं, तिनं सांगितलं. झालं. मोबाइल निघाले, फोटो ग्रुपवर फिरले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सात सह्यांचा कागद आला की या बाईला जेवायला वेगळं बसवावं, इतरांना त्रास होतो. माझं म्हणाल तर मला त्या प्रकरणात गंमतच वाटली. खोटं कशाला सांगू, मीही तो फोटो बघून नाक मुरडलं होतं. कागदावर शेरा मारायचा आणि कँटीनवाल्याला एक टेबल बाजूला लावायला सांगायचं, एवढंच काम होतं. संध्याकाळी घरी आल्यावर मी सासूबाईंचा कायदा मोडून जेवतानाच हा किस्सा सांगितला. मला वाटलं अप्पा खूश होतील, फाइल आणायला धावतील.

अप्पांचा घास हातातच राहिला.

"तक्रार लेखी आहे?" त्यांनी विचारलं.

"हो ना. सात जणांच्या सह्या आहेत."

"अक्षर कुणाचं आहे?"

"अक्षर? कुणास ठाऊक. का बरं?"

"चांगलं आहे का?"

मी म्हटलं, "अप्पा, अक्षराचं काय घेऊन बसलात?" ताटात अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी तशीच ठेवून ते उठले. आमच्या घरात अप्पांनी पानात टाकलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, ताटाजवळ नको."

सकाळी मी बससाठी निघाले तेव्हा अप्पा चप्पल घालून दारात उभे होते. आमच्या कंपनीची बस नाशिक फाट्याला येते. तिथपर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले, आणि चालता चालता, माझ्याकडे एकदाही न बघता, त्यांनी मला मडावीची गोष्ट सांगितली.

मडावी गडचिरोलीकडचा. अप्पा तिशीत असताना तो टूलरूमला ग्राइंडरवर लागला. वीस-बावीस वर्षांचा, हात असा की अप्पांनी त्यानं घासून दिलेला एकही जॉब कधी रिजेक्ट केला नाही. पावसाळ्यात एकदा त्याच्या गावाकडून कुणीतरी आलं आणि त्याच्या आईनं दिलेलं एक गाठोडं देऊन गेलं. दुपारी कँटीनमध्ये त्यानं ते टेबलावर सोडलं आणि म्हणाला, घ्या जी सगळ्यांनी. भाजलेलं, खारट, जवसासारखं काहीतरी, त्यात मोहाची फुलं मिसळलेली. दहा-बारा जण तुटून पडले.

"मी दोन मुठी खाल्ल्या," अप्पा म्हणाले. "तिसरी भरत होतो, तेव्हा कुणीतरी विचारलं, भारी लागतंय राव, आहे काय हे? तर त्यानं सांगून टाकलं. वारुळातून पंखवाली वाळवी निघते, ती. मायनं भाजून, पंख पाखडून पाठवलीय. अगदी सरळ सांगितलं गं त्यानं. जसं आपण सांगू, शेंगदाणे आहेत."

एक जण बेसिनकडे धावला. दोघे हसले. बाकीचे आधी एकमेकांकडे बघू लागले आणि मग चिडले. अप्पांच्या तर गळ्यात माळ. सगळ्यांचं ठरलं की लेखी तक्रार करायची, आणि सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं, कारण शॉपमध्ये त्यांच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं.

"मी लिहिलं," अप्पा म्हणाले. "सदर कामगार कँटीनमध्ये अखाद्य वस्तू आणून इतरांना खाऊ घालतो. अखाद्य! दोन मुठी खाऊन झाल्यावर मी लिहिलं, अखाद्य. खाली पहिली सही माझी."

मडावीला बेसिनजवळचं एक टेबल मिळालं. त्याला नाव पडलं वारूळ. वर्षभर तो त्या टेबलावर एकटा जेवला आणि रोज त्याच्या पाठीमागून अप्पा हात धुवायला जात राहिले. मग तो नोकरी सोडून गेला.

आम्ही फाट्यावर पोहोचलो होतो. बस आली. मी ती जाऊ दिली आणि विचारलं, "अप्पा, तुम्हाला राग कशाचा आला होता? त्यानं आधी सांगितलं नाही म्हणून?"

"आधी कुणी विचारलंच नव्हतं." त्यांनी गळ्यातली माळ चाचपली. "मला आवडलं होतं गं. फार आवडलं होतं. त्याचा राग आला."

मी पुढच्या बसनं गेले. ती फाइल, ते थायलंड नि मेक्सिको, तो नाकतोडे खाणारा जपानी पाहुणा, हे सगळं अप्पांनी कुणासाठी गोळा केलं होतं ते मला चाकणला पोहोचेपर्यंत उमगत गेलं. जगाच्या पाठीवर जिथं म्हणून कुणी हे खातं, त्या प्रत्येकाला त्यांनी एका माणसाच्या बाजूनं उभं केलं होतं, आणि त्या माणसाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी त्या कागदावर "कारवाईची आवश्यकता नाही" एवढंच लिहिलं. पण नुसता शेरा लिहून भागणार नव्हतं, म्हणून दुपारी माझा डबा घेऊन त्या मुलीच्या टेबलावर जाऊन बसले. ती घाबरलीच. मला वाटलं, मी काढून टाकायला आलेय असं तिला वाटत असणार. मी म्हटलं, चटणी उरलीय का? तिनं माझ्याकडे निरखून बघितलं, आणि डब्याच्या कोपऱ्यातून चिमूटभर काढून माझ्या पोळीवर ठेवली. मी धीटपणानं खाल्ली असं म्हणणार नाही. डोळे मिटून खाल्ली. आंबट होती, तिखट होती, कैरीच्या चटणीच्या आसपासची. सातांपैकी दोघी जणी दुसऱ्या आठवड्यात आमच्या टेबलावर आल्या. पाच जण कधीच आले नाहीत, आणि त्यातला एक तर अजूनही मला बघितलं की हळूच हसतो. पण टेबल वेगळं झालं नाही.

घरी आल्यावर मी अप्पांना हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिखलीला येतेस?"

मडावीचा पत्ता शोधावा लागला नाही. तो त्यांना वीस वर्षं माहीत होता. चिखलीत त्याचं टूल ग्राइंडिंगचं छोटं शॉप होतं, गुरुवारी बंद आणि रविवारी चालू, हेसुद्धा ते जाणून होते. बसनं जाताना कितीदा तरी त्यांनी ते खिडकीतून पाहिलं होतं. उतरायचा थांबा आला की ते पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचे. त्या रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. त्यांनी फाइल कापडी पिशवीत घालून पोटाशी धरली होती.

पत्र्याच्या शेडमध्ये मशिनवर वाकलेला माणूस चष्मा कपाळावर ढकलत वर बघू लागला आणि त्यानं अप्पांना एका क्षणात ओळखलं. "इन्स्पेक्टर साहेब! या जी, या. बसा." पासष्टीचा, केस पांढरे, हात अजून तसेच काळे नि नेमके. त्यानं चहा मागवला. मग वीस मिनिटं दोघं जुन्या मशिनींची विचारपूस करत होते, जणू त्या नातेवाईक होत्या. कुठली विकली, कुठली भंगारात गेली. अप्पांचा चहा गार झाला. शेवटी ते पिशवीकडे बघत म्हणाले, "मडावी, तो कागद मी लिहिला होता."

"माहीत आहे जी," मडावी म्हणाले. "मला साहेबांनी दाखवला होता ना. तसं अक्षर शॉपमधी दुसऱ्या कोणाचं होतं?"

"चुकलो मी."

मडावींनी उठून मशिन बंद केलं. ते इतका वेळ चालूच होतं, हे आवाज थांबल्यावर माझ्या लक्षात आलं.

"कागदाचं काही नाही," ते म्हणाले. "कागद फाटून गेला असंल. टेबलाचंही काही नाही, तिथं वारा चांगला लागायचा. पण मी मायला चिठ्ठी पाठवली, की हे पाठवत जाऊ नको, इथं लोक हसतात. तिला वाचता येत नव्हतं. गुरुजीनं वाचून दाखवली. तिनं काहून म्हणून विचारलं नाही. पुन्हा कधी पाठवलं नाही. मी पावसाळ्यात घरी गेलो तरी वाढलं नाही. मला वाटलं, विसरली असंल. ती गेल्यावर बहिणीनं सांगितलं, तिनं स्वतःपण खाणं सोडलं होतं. पोराला लाज वाटते म्हणे."

अप्पांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. तो पुसून झाला तरी पुसतच राहिले. पिशवीतली फाइल त्यांनी बाहेर काढली नाही. काढली असती तरी त्यात या गोष्टीला लावायचं पान नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आई ती वाळवी कशी करायच्या?"

आणि मडावी सांगू लागले. वारूळ कोणत्या झाडाखालचं घ्यायचं, दिवेलागणीला पाण्याच्या परातीजवळ दिवा कसा ठेवायचा, सुपात घोळवून पंख कसे उडवायचे, मोहाची फुलं वेगळी भाजून शेवटी का घालायची. सांगताना त्यांची चाळीस वर्षांची पुणेरी बोली उतरत गेली आणि खालून गावाकडची वर आली. अप्पांमधला इन्स्पेक्टर मात्र कुठं जाणार?

"किती वेळ भाजायचं?"

"वास बदलेपर्यंत."

"म्हणजे साधारण किती मिनिटं?"

"त्याला मिनिटं नसतात जी, साहेब."

त्यानंतर अप्पा दर रविवारी चिखलीला जाऊ लागले. पुढच्या खेपेला फाइल उघडली आणि मग ती तिथंच राहायला गेली. मडावी मशिनवर हत्यारांना धार लावतात आणि अप्पा बाकावर बसून जगाची माहिती देतात. मडावी मधेच विचारतात, "मेक्सिकोवाल्यांना लाज नाही वाटत?" अप्पा म्हणतात, "लाज? मोठमोठ्या हॉटेलांत ऑर्डर देऊन खातात." मडावी पातं उजेडात धरून धार बघतात आणि म्हणतात, "मंग ठीक हाय." फाइलच्या मागच्या बाजूला आता अप्पांच्या त्या देखण्या अक्षरात मडावींनी सांगितलेली कृती आहे, आणि वेळेच्या रकान्यात लिहिलंय, "वास बदलेपर्यंत."

यंदा पावसाच्या सुरुवातीला मडावी भाचीच्या लग्नाला गावी गेले. किती वर्षांनी त्या दिवसांत ते तिकडे जात होते. जाताना म्हणाले, "साहेब, या वेळेस पुडी आणतो." आमच्या घरात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. अप्पांपुढं माळेचा प्रश्न उभा राहिला. ते स्वतःशीच दोन्ही बाजूंनी वाद घालायचे, फेऱ्या मारायचे, देवापुढं बसून उठायचे. एका दुपारी त्यांनी ठरवलं की एक चिमूट घ्यायची, पण या वेळी माहीत असून घ्यायची. त्यांनी ते सासूबाईंना सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाहेर खा. आणि येताना चूळ भरून या."

मडावी परत आले त्या रविवारी मीही बरोबर गेले. शॉप उघडलं होतं, मशिन बंद होतं. मडावी अप्पांच्या बाकावर बसले होते. आम्हाला बघून त्यांनी रिकामे हात पुढं केले.

"नाही मिळालं जी. गावात आता कोणी करत नाही. वारुळं आहेत, वाळवी उडते, कोणी जात नाही. भाच्याला म्हटलं, चल, मी दाखवतो. तर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, मामा, हळू बोला. नवऱ्याकडचे पाहुणे आहेत."

मी अप्पांकडे बघितलं. अशा प्रसंगासाठी त्यांच्याजवळ सगळं होतं. कुठल्या देशात लोक पुन्हा आवडीनं खाऊ लागलेत, कुठं त्यांची शेती करतात, सगळं. ते फक्त मडावींच्या शेजारी बसले. समोरच्या रस्त्यावरून शिफ्ट सुटलेली पोरं मोटारसायकलींवरून चालली होती, डब्याच्या पिशव्या हँडलला लटकत होत्या. दोघं म्हातारे त्यांच्याकडे बघत बसले. चहा आला आणि संपला.

मग अप्पा म्हणाले, "मडावी, इतक्या वर्षांत मी विचारलंच नाही. आईचं नाव काय होतं?"

मडावींनी चष्मा कपाळावर सरकवला. ते नाव कुणी त्यांना फार दिवसांत विचारलं नसावं.

"पोचूबाई," ते म्हणाले.

घरी येताना ऊन उतरलं होतं. अप्पा स्कूटरवर मागे बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा, गाड्यांच्या आवाजात, माझ्या पाठीमागं त्यांनी ते नाव दोनदा हळूच म्हणून बघितलेलं मला ऐकू आलं.